उधारीची ४२० झाली आणि हायकोर्टात क्वॅश झाली: वकील मॅडमच्या कामाचा रिव्ह्यू (इचलकरंजी-कोल्हापूर)

आधीच सांगतो, मॅडमचं नाव टाकणार नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळं त्यांनीच सांगितलं की लिहायचं असेल तर कामाबद्दल लिहा, माझं नाव नको. सूत देणाऱ्या पार्टीचंही नाव टाकणार नाही, पोलीस स्टेशनचंही नाही. पण काम कसं झालं, किती लागलं, काय चांगलं, काय खटकलं हे सगळं लिहितोय, कारण आमच्या भागात माझ्यासारखे कितीतरी मागवाले (यंत्रमागावर कापड विणणारे) असतील ज्यांना उधारी थकली म्हणून एक दिवस पोलीस स्टेशनमधून फोन येतो आणि हातपाय गळून जातात.

आमचे साधे माग आहेत, २४. वडिलांनी उभे केलेले, त्यांच्यानंतर आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघं भागीदार. २०१७ पासून एका व्यापाऱ्याकडनं सूत घ्यायचो, ३० दिवसाची उधारी, कधी ४५ पण व्हायचे, फोनवर बोलून मिटायचं. ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात ९ बिलं झाली, एकूण ४१ लाख ६० हजार. त्यातले ३० लाख २० हजार आरटीजीएसने दिले. राहिले ११ लाख ४०. त्यातला एक लॉट असा आला की सूत जाड-बारीक, धागा सारखा तुटतोय, कामगार वैतागले, कापड निघालं ते घेणाऱ्याने परत पाठवलं. मी फोटो पाठवले, लॅबचा रिपोर्ट पाठवला, ५ लाख १० हजाराची डेबिट नोट (खराब मालापोटी बिलातून वजा करायची रक्कम) काढली. ती त्यांना मान्य नव्हती. झालं, तिथून बोलणं बंद. मंदी होती, त्यामुळं बाकीचे ६ लाख ३० सुद्धा माझ्याकडनं वेळेत गेले नाहीत, ही माझी चूक, ती मी कोर्टातही मान्य केली आणि इथंही करतो.

पण त्याची शिक्षा म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर माझ्यावर, भावावर आणि ७१ वर्षाच्या आईवर ४२० (फसवणूक) आणि ४०६ (विश्वासघात) चा गुन्हा दाखल झाला. आईने आयुष्यात त्या व्यापाऱ्याला एकदाही बघितलं नव्हतं. बिलावर फर्मचं नाव, फर्ममध्ये आईचं नाव, म्हणून एफआयआरमध्ये आईचं नाव. तिला मी तीन दिवस सांगितलंच नाही, चौथ्या दिवशी शेजारच्यांकडनं कळलं तिला. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पहिल्यांदा ज्या वकिलाकडे गेलो त्यांनी कागद बघितलेच नाहीत. म्हणाले, "दहा लाख देऊन मिटवा, नाहीतर आत जाल." दुसऱ्याने सांगितलं दोन तारखांत क्वॅश (म्हणजे गुन्हाच रद्द) करून देतो, गॅरंटी, पण पैसे आधी सगळे. तिथून उठलो. मग सायझिंगवाल्या (सुताला खळ लावणाऱ्या) मित्राने या मॅडमचा नंबर दिला. ऑफिस कोल्हापुरात. साधं ऑफिस, एक ज्युनिअर, एक क्लार्क.

पहिली मीटिंग पावणेदोन तास चालली आणि त्यात त्यांनी एफआयआर सगळ्यात शेवटी वाचला! आधी म्हणाल्या, "दादा, बिलं दाखवा." ९ बिलं दाखवली. मग खातेउतारा. मग बँकेचं स्टेटमेंट. मग २०१७ पासूनचा खातेउतारा, तो माझ्याकडे नव्हता, दुसऱ्या दिवशी अकाउंटंटकडनं आणला. मग व्हॉट्सॅपची सगळी चॅट, डिलीट न करता, एक्स्पोर्ट करून. आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो तेव्हा मला किरकोळ वाटला पण आख्खी केस त्याच्यावर फिरली. "हे सूत तुम्ही विकत घेतलंत का जॉबवर घेतलंत?"

इचलकरंजीच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दोन्ही चालतं. व्यापारी सूत देतो, आपण फक्त विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची, हे जॉब. त्यात सूत शेवटपर्यंत त्याचंच असतं, आपण नुसते सांभाळणारे. ते सूत मी परस्पर विकलं तर तो सरळसरळ विश्वासघात आहे, ४०६ लागायलाच पाहिजे. पण मी सूत विकत घेतलं, टॅक्स इन्व्हॉइस झालं, ५ टक्के जीएसटी लागला, ई-वे बिल निघालं, तर ते सूत माझं झालं. आता मी त्याचे पैसे द्यायचे बाकी आहेत, म्हणजे मी देणेकरी आहे. देणेकरी म्हणजे विश्वासघातकी नाही. एफआयआरमध्ये मात्र लिहिलं होतं की "फिर्यादीने विश्वासाने सूत सोपवले". मॅडमनी त्या 'सोपवले' शब्दाखाली लाल पेनने रेघ मारली आणि म्हणाल्या हा शब्द ४०६ बसवण्यासाठी आलाय, बिलात हा शब्द कुठंच नाहीये.

आणि दुसरी गोष्ट सांगितली ती मी आता प्रत्येकाला सांगतो. ४२० लागायला पहिल्या दिवसापासून फसवायचा इरादा पाहिजे. माल घेतानाच मनात असलं पाहिजे की पैसे द्यायचेच नाहीत. नंतर धंदा बसला, भांडण झालं, पैसे थकले, त्याने ४२० होत नाही, तो करार मोडणं झालं. सुप्रीम कोर्टाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. मला हे लगेच पटलं कारण आमच्या गावाने खऱ्या ४२० वालेही बघितलेत. बाहेरून येतात, भाड्याने गाळा घेतात, पहिले दोन-तीन व्यवहार रोख करून विश्वास बसवतात, मग एकदम पंधरा जणांकडनं कापड उधार उचलतात आणि एका रात्रीत गाळ्याला कुलूप, फोन बंद, जीएसटी नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर. मागवाला देशोधडीला लागतो त्यात. अशा माणसावर ४२० झालीच पाहिजे आणि ती कोर्टाने अजिबात क्वॅश करू नये. तो माणूस आणि सात वर्षं धंदा करून ४१ मधले ३० लाख भरलेला माणूस एकाच कलमात कसे बसवता येतील हाच माझा प्रश्न होता.

आता वकिली कामाचा रिव्ह्यू.

कलमांचा गोंधळ सगळ्यात आधी मॅडमनी सोडवून दिला. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले, आयपीसीच्या जागी बीएनएस आणि प्रोसिजरच्या सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस. पण आमचे व्यवहार त्याच्या आधीचे, म्हणून गुन्हा जुन्या आयपीसीचा, ४२० आणि ४०६, आणि एफआयआर नंतरचा म्हणून प्रोसिजर नवीन बीएनएसएसची. शिवाय जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे क्वॅशिंग होतं, ते आता ५२८ झालंय, आणि नवीन कायद्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन! नेटवर वाचून मी दोन दिवस उलटंच समजत होतो. (आज कुणी केलं तर फसवणूक म्हणजे बीएनएसचं ३१८(४) आणि विश्वासघात ३१६(२), पण लोक बोलताना ४२० च म्हणणार.)

पहिलं काम त्यांनी अटकपूर्व जामिनाचं केलं, सेशन कोर्टातून. मी म्हणलं थेट हायकोर्टात जाऊ की, तिथंच स्टे मिळेल. त्यांनी समजावून सांगितलं की २०२१ मध्ये निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांना सांगितलंय की क्वॅशिंगची याचिका आली म्हणून सरसकट 'कठोर कारवाई करू नका' असे ऑर्डर देत बसू नका, तपासात उगाच हात घालू नका. ती केस आपल्या मुंबई हायकोर्टाच्याच ऑर्डरवरून गेलेली. म्हणजे क्वॅशिंगच्या भरवशावर अटकेची रिस्क घेऊ नका. हा सल्ला लाखमोलाचा ठरला, कारण पुढे हायकोर्टात पहिल्या तारखेला आम्हाला नुसती नोटीस मिळाली, बाकी काही नाही. जामीन नसता तर त्या मधल्या काळात काय झालं असतं विचारच नको.

पोलिसांच्या चौकशीला ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी ज्युनिअर वकील सोबत आले. जाताना काय न्यायचं, काय बोलायचं, प्रत्येक कागद दिल्याची पोच कशी घ्यायची हे एका पानावर लिहून दिलं होतं. मी काही लपवलं नाही. डेबिट नोट, लॅब रिपोर्ट, सगळं दिलं आणि पोच घेतली. पुढे ती पोच फार कामाला आली कारण चार्जशीटमध्ये यातला एकही कागद लावलेला नव्हता.

याचिका जानेवारी २०२५ मध्ये मुंबईला फाइल झाली. तेव्हा आमच्याकडचं सगळं मुंबईलाच जायचं. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचं, सकाळी आंघोळ कुठंतरी उरकून फोर्टात पोचायचं, संध्याकाळपर्यंत कोर्टाबाहेर बसायचं आणि कळायचं बोर्ड पोचलाच नाही (यादीत आपला नंबर आलाच नाही), परत रात्रीची गाडी. असं तीनदा झालं. मॅडमनी मला सांगितलेलं की तुम्ही यायची गरज नाही, पण जीव राहत नाही.

याचिकेचा ड्राफ्ट मला मेलवर पाठवला आणि म्हणाल्या प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा तुम्ही तपासा, मी कायदा बघते, धंदा तुम्हाला कळतो. ड्राफ्टच्या पहिल्याच पानावर तारखांचा तक्ता होता, २०१७ पासून, कधी किती माल आला, कधी किती पैसे गेले. तो तक्ता बघून कुणीही सांगेल की हा चालू खात्याचा वाद आहे. मला वाटतं निम्मं काम त्या पानाने केलं. दोन आकडे चुकलेले होते ते मी दुरुस्त केले.

आणि जजमेंट. किती जजमेंट लावायची याबद्दल मॅडमचा नियम आहे, कमी पण नेमकी. सगळ्यात वर १९९२ चं भजनलाल, हरियाणाच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या केसमधलं, ज्यात एफआयआर कधी रद्द करता येतो याचे सात प्रकार दिलेत. मग २००६ चं इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी. हे मला त्यांनी घरी वाचायला दिलं, आणि मी ते खरंच वाचलं, डिक्शनरी घेऊन. त्यात कोर्टाने म्हणलंय की धंद्यातले दिवाणी वाद फौजदारी करून टाकायची सवय वाढत चाललीय, कारण लोकांना वाटतं दिवाणी कोर्टात उशीर लागतो आणि फौजदारीची भीती घातली की पैसे लवकर निघतात. पण त्याच जजमेंटमध्ये दुसरी बाजू पण आहे. विमान कंपनीने इंधनाच्या पैशासाठी विमानं तारण ठेवली होती आणि त्यातली इंजिनं काढून घेतली असा आरोप होता. कोर्टाने चोरी आणि विश्वासघात बसत नाही म्हणलं, पण फसवणूक आणि नुकसानीचा आरोप चालू ठेवला. मॅडमनी हे मुद्दाम वाचायला दिलं. म्हणाल्या, "नुसतं हा दिवाणी वाद आहे असं ओरडून चालत नाही, एकाच गोष्टीतून दिवाणी दावा आणि गुन्हा दोन्ही होऊ शकतात, आपल्याला दाखवायचंय की इथं गुन्ह्याचा सांगाडाच नाही." असा वकील मला आधी भेटला नव्हता, जो आपल्याच अशिलाला आपल्या विरुद्धचा मुद्दा समजावून सांगतो.

आमच्या केसला सगळ्यात जवळचं होतं ते ऑगस्ट २०२४ चं दिल्ली रेस क्लबचं जजमेंट. घोड्यांचं धान्य पुरवणाऱ्याचे ९ लाख ११ हजार थकले म्हणून फिर्याद झालेली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विकलेल्या मालाचे पैसे थकले तर विश्वासघात होत नाही, आणि मुख्य म्हणजे एकाच गोष्टीवरून फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकाच वेळी लागू शकत नाहीत. फसवणुकीत इरादा सुरुवातीपासून वाईट असतो, विश्वासघातात वस्तू आधी सरळ मनाने हातात येते आणि नंतर नियत फिरते. दोन्ही एकदम कसं खरं असेल? एवढ्या वर्षांनी पण खालच्या कोर्टांना आणि पोलिसांना हा फरक कळत नाही याबद्दल जजेसनी खंत व्यक्त केलीय. आमच्या एफआयआरमध्ये ४२० आणि ४०६ शेजारी शेजारी, एकाच वाक्याच्या आधारावर.

मग जूनमध्ये चार्जशीट दाखल झालं. इथं माझी एक तक्रार आहे. याचिका पेंडिंग असतानाही पोलीस चार्जशीट टाकू शकतात हे मॅडमनी मला आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं संपलं सगळं, हरलो. तो दिवस आम्ही घरात कुणीच जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा त्या म्हणाल्या याचिकेत दुरुस्ती करून चार्जशीटलाही आव्हान देता येतं, सुप्रीम कोर्टाचं तसं जजमेंट आहे, काळजी करू नका. तसं झालं पण. तरी मॅडम, हे आधी सांगायला पाहिजे होतं. अशिलाला कायदा कळत नाही, त्याला फक्त 'चार्जशीट' शब्द ऐकू येतो.

चार्जशीट वाचल्यावर मात्र मॅडमना बरं वाटलं. साक्षीदार म्हणजे फिर्यादीचाच दिवाणजी, त्यांचाच ड्रायव्हर आणि पंच. फसवायचा इरादा कुठून दिसतो याबद्दल एक ओळ नाही. आईने नेमकं काय केलं याबद्दल एक शब्द नाही. उलट त्यांनीच मे २०२४ मध्ये मला पाठवलेला मेल त्यात जोडलेला, ज्यात बाकीवर १८ टक्के व्याज मागितलंय. मॅडम म्हणाल्या, व्याज मागणारा माणूस स्वतःच सांगतोय की हे कर्ज आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, १८ ऑगस्टपासून काम चालू, आणि आमच्या सहा जिल्ह्यांची, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांची कामं तिथं आली. चाळीस वर्षांहून जास्त काळ वकिलांनी, पक्षकारांनी यासाठी आंदोलनं केली, ती कशासाठी होती हे मला तेव्हा कळलं. सीपीआर हॉस्पिटलसमोरची जुनी जिल्हा कोर्टाची बिल्डिंग. इचलकरंजीतून ३० किलोमीटर. सकाळी माग चालू करून, कामगारांना काम लावून, मोटारसायकलवर निघायचं आणि दुपारी परत. आईला एकदा घेऊन गेलो. मागच्या बाकावर बसून तिने सगळं ऐकलं, इंग्लिश कळत नव्हतं पण फर्मचं नाव ऐकलं की पदर सावरायची.

त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचं शिखर केमिकल्सचं प्रकरण पेपरात गाजत होतं. ते तर आमच्यासारखंच, सुताचं! ५२ लाख ३४ हजाराचं सूत, त्यातले ४७ लाख ७५ हजार दिलेले, बाकीसाठी फौजदारी फिर्याद. अलाहाबाद हायकोर्टाने म्हणलं होतं की दिवाणी दाव्याला फार वर्षं लागतील म्हणून फौजदारी चालू राहू दे. सुप्रीम कोर्टाने तो ऑर्डर रद्द केला, फार कडक शब्दांत. (त्या न्यायमूर्तींबद्दलचे निर्देश नंतर ८ ऑगस्टला काढून टाकले, पण कायद्याचा मुद्दा तोच राहिला.) एप्रिलमध्ये अशाच दुसऱ्या एका प्रकरणात यूपी सरकारला ५० हजाराचा दंडही लावला होता. मॅडमनी ते कात्रण नाही, ऑर्डरची कॉपी काढली आणि पुढच्या तारखेला लावली. अपडेट राहणारा वकील म्हणजे काय ते हे.

मुख्य सुनावणी नोव्हेंबरमध्ये झाली, फार तर पंचवीस मिनिटं. मॅडम आवाज चढवत नाहीत. तक्ता दाखवला, बिल दाखवलं, डेबिट नोट दाखवली. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं की माल विकला असेल तर सोपवला कुठं, आणि ३० लाख भरणाऱ्याचा सुरुवातीपासून फसवायचा इरादा कशावरून? समोरच्या वकिलांनी सांगितलं की आमचे पैसे बुडालेत, दिवाणी कोर्टात जायचं तर वर्षं लागतील. कोर्ट म्हणालं ती अडचण खरी आहे पण त्यावरचा उपाय एफआयआर नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर आली. तिघांवरचा एफआयआर आणि चार्जशीट रद्द. ऑर्डरमध्ये शेवटी लिहिलंय की फिर्यादी दिवाणी मार्गाने पैसे मागायला मोकळा आहे आणि या ऑर्डरचा त्यावर परिणाम होणार नाही. लोक इथं चुकतात. क्वॅश झालं म्हणजे उधारी माफ झाली असं नाही. मॅडमनी तर पहिल्याच मीटिंगमध्ये अट घातली होती की जे पैसे तुम्हाला मान्य आहेत ते द्यायची तयारी असेल तरच मी केस घेते. ६ लाख ३० हजार मी तीन हप्त्यांत आरटीजीएसने दिले, दोन हप्ते याचिका चालू असताना, तिसरा ऑर्डरनंतर. डेबिट नोटचे ५ लाख १० वादात आहेत, ते दिवाणीत ठरू दे.

समोरच्या बाजूच्या लोकांसाठी पण लिहितो, कारण त्यांचाही राग मला कळतो, मी पण कुणाकडनं तरी पैसे येणं आहे असाच माणूस आहे. मॅडमनी मला येणेकरी म्हणून काय करता येतं तेही सांगितलं, वेगळी फी न घेता. लेखी बिल, करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३७ चा समरी (झटपट) दावा असतो, त्यात समोरच्याला कोर्टाची परवानगी घेऊनच बचाव करता येतो. ३ लाखाच्या वरचा व्यापारी वाद कमर्शिअल कोर्टात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मीडिएशन (मध्यस्थी) करावंच लागतं. चेक बाऊन्स असेल तर कलम १३८ ची केस आहेच. आणि जो छोटा उद्योग माल बनवतो त्याला एमएसएमई कायद्यात ४५ दिवसाच्या वर पैसे थकले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. आम्ही मागवाले कापड बनवतो, आम्हाला हे लागू होतं आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे माहितीच नाही! मुदत मात्र तीन वर्षांची, ती पोलीस स्टेशनच्या चकरा मारण्यात निघून गेली तर मग दावाही जातो.

फी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पहिली मीटिंग २ हजार. अटकपूर्व जामीन ३५ हजार. हायकोर्टाची याचिका ड्राफ्टिंग, फाइलिंग धरून ७० हजार, तीन टप्प्यांत. मुंबईच्या तारखांना तिथल्या सहकारी वकिलांची फी वेगळी, ती मला जास्त वाटली. कोल्हापूरला मॅटर आल्यावर तो खर्च थांबला. झेरॉक्स, टायपिंगचे पैसे क्लार्क तोंडी सांगतात, बिल देत नाहीत, हे बदलायला पाहिजे, बाकी ऑफिसचा व्यवहार इतका स्वच्छ असताना हेच कशाला असं ठेवायचं. फोन दिवसा लागत नाही, कोर्टात असतात, संध्याकाळी सातनंतर स्वतः करतात. सुरुवातीला या गोष्टीचा त्रास झाला, नंतर सवय झाली.

पाचपैकी साडेचार देतोय. चार्जशीटचं आधी सांगितलं असतं तर पाच दिले असते.

ज्यांना जायचंय त्यांनी एवढं घेऊन जा: एफआयआरची कॉपी, सगळी बिलं, ई-वे बिल, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, बँक स्टेटमेंट, चॅट न उडवलेला फोन. आणि खरं सांगा, जे देणं आहे ते आहे म्हणा. माझ्या ओळखीच्या एकाने काही बिलं लपवली, ती समोरच्याने कोर्टात काढली, त्याची याचिका मागे घ्यावी लागली.

आमच्या डेबिट नोटवर आता मीडिएशन लागलंय, दोन तारखा झाल्या, समोरासमोर बसलो, दुसऱ्या तारखेला त्यांनी आईची तब्येत विचारली. सूत दुसऱ्या पार्टीकडनं घेतो. पोतं आलं की कोन (सुताची रिळं) मागावर चढवायच्या आधी भाऊ फोटो काढतो, लॉट नंबर दिसेल असा, आणि काही खराब असलं तर त्याच दिवशी लिहून कळवतो.